छंद की धंदा? अमेरिकेतील गळाची मासेमारी, तिचा कर आणि आपले खाते

मासेमारी म्हटली की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर रत्नागिरी जिल्ह्याची किनारपट्टी येते. तेथील दालदी बांधवांचा हा पिढीजात धंदा आहे. पहाटे होडी लोटायची, जाळे टाकायचे, आलेला मासा बाजारात न्यायचा आणि त्यावर घर चालवायचे. हा छंद आहे की धंदा, असे त्यांना कोणी विचारत नाही. पोटासाठी समुद्रात उतरणाऱ्याला असा सवाल करण्याची कोणाची हिंमतही होणार नाही.

परंतु अमेरिकेत मासेमारीचाच एक प्रकार असा आहे की ज्यात हा सवाल दरवर्षी उठतो, त्यावर खटले चालतात आणि निकालावर हजारो डॉलरचा कर अवलंबून असतो. तो प्रकार म्हणजे गळाची मासेमारी, आपल्या कोकणात ज्याला गरवणे म्हणतात ते. मासे गरवणारा माणूस धंदा करतो की दिल बहलावतो? आमच्या वाचकांना या दूरच्या गोष्टीशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण ज्यांची मुले, भाऊ, भाचे अमेरिकेत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी काही जोडधंदा करतात, त्यांच्याशी ही गोष्ट थेट संबंधित आहे. आणि येथे घरबसल्या जरीकाम, मेंदी, शिवणकाम करणाऱ्या आपल्या कारागिरांनाही तिच्यातून बरेच शिकण्यासारखे आहे.

गळाच्या खेळातला पैसा

प्रथम हा पैसा येतो कोठून ते समजून घेऊ. तेथे या खेळात मासा बहुधा विकला जातच नाही. बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या स्पर्धा होतात. मासा जिवंत ठेवून वजनकाट्यावर आणतात, वजन लिहून घेतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. ज्याच्या माशांचे एकूण वजन जास्त, तो विजयी. अशा मोठ्या स्पर्धांची सुरुवात १९६७ साली आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेक या जलाशयावर रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने केली. १९७१ साली बासमास्टर क्लासिक ही स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा पहिले इनाम १० हजार डॉलर होते. अलीकडच्या वर्षांत तेच इनाम ३ लाख डॉलरवर गेले आहे.

खोल समुद्रातल्या मार्लिन माशाच्या स्पर्धांत तर रकमा याहून मोठ्या. उत्तर कॅरोलिना राज्यातील बिग रॉक स्पर्धेत २०२३ साली एका बोटीने ६१९.४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २८१ किलोचा मार्लिन आणला. परंतु त्या माशाला दुसऱ्या माशाने, बहुधा शार्कने, चावा घेतलेला होता. नियमाप्रमाणे तो बाद ठरला आणि सुमारे ३५ लाख डॉलर त्या बोटीच्या हातून गेले.

इनामाशिवाय कंपन्यांची मदत असते. गळ, दोरी, इंजिन, बोट बनवणाऱ्या कंपन्या नामवंत खेळाडूला पैसे देतात किंवा माल देतात. तिसरी कमाई म्हणजे भाड्याने बोट नेणे. हौशी लोकांना आपल्या बोटीवर घेऊन मासे गरवायला न्यायचे आणि माणशी भाडे घ्यायचे. त्यासाठी तेथील तटरक्षक दलाचा परवाना लागतो. लहान बोटीच्या परवान्यावर जास्तीत जास्त सहा भाडेकरू प्रवासी नेता येतात.

आता खर्च पाहा. बोट, तिचा हप्ता, इंजिन, डिझेल, ट्रेलर ओढणारी गाडी, स्पर्धेची प्रवेश फी, हॉटेल, विमा. वर्षाकाठी कमाई आठ हजार आणि खर्च वीस हजार, हे चित्र तेथे मुळीच दुर्मीळ नाही. येथूनच कराचा सवाल सुरू होतो.

एकच माणूस, दोन हिशोब

एक उदाहरण आकड्यांनी मांडतो. समजा एक माणूस नोकरीत वर्षाला ९० हजार डॉलर पगार घेतो. शनिवार-रविवार स्पर्धांत उतरतो. इनाम मिळाले ८ हजार, खर्च झाला २० हजार. त्याच्या वरच्या उत्पन्नावर कराचा दर २२ टक्के धरू.

ही मासेमारी धंदा मानली गेली, तर तो शेड्यूल सी नावाच्या पत्रकात जमाखर्च लिहील. १२ हजारांचा तोटा पगारातून वजा होईल आणि सुमारे २,६४० डॉलर कर वाचेल. हीच मासेमारी छंद मानली गेली, तर २० हजारांच्या खर्चातला एक डॉलरही वजा होणार नाही. उलट इनामाच्या पूर्ण ८ हजारांवर १,७६० डॉलर कर भरावा लागेल. म्हणजे मासे तेच, पाणी तेच, खर्चही तोच. पण एका शब्दाच्या फरकाने ४,४०० डॉलरचा फरक पडला.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. छंदातली कमाई करमुक्त असते असा समज आपल्याकडेही आहे आणि तेथेही आहे. तो साफ चुकीचा आहे. छंदाची कमाईही कमाईच. फक्त तिच्यासाठी केलेला खर्च सरकार मानत नाही. कंपनीने रोख न देता बोट किंवा इंजिन दिले, तरी त्या मालाची बाजारभावाची किंमत उत्पन्नात धरावी लागते. एक सवलत एवढीच की छंदाच्या कमाईवर स्वयंरोजगाराचा जादा कर लागत नाही. तो धंद्याच्या निव्वळ कमाईवर १५.३ टक्के दराने लागतो. म्हणून ज्याला खरोखर नफा होतो, त्याला धंदा म्हणवून घेणे महागही पडू शकते. पण तोट्यात असलेल्याला 'धंदा' हा शब्द सोन्याच्या मोलाचा असतो.

कायदा असा का झाला?

श्रीमंत लोक आपल्या शौकाला धंद्याचे नाव देऊन त्याचा खर्च सरकारच्या माथी मारतात, ही तक्रार अमेरिकेत जुनी आहे. घोडे पाळायचे, मळा ठेवायचा, बोट बाळगायची, आणि त्याचा तोटा मोठ्या कमाईतून वजा करायचा. १९४३ साली तेथील संसदेने पहिला बांध घातला. लागोपाठ पाच वर्षे दरवर्षी ५० हजार डॉलरपेक्षा जास्त तोटा दाखवला, तर जादा तोटा मानायचा नाही. पण हुशार लोकांनी यातून वाट काढली. पाचांपैकी एका वर्षात हिशोब असा जमवायचा की तोटा ५० हजारांच्या आत राहील. साखळी तुटली की कायदा लागू होत नसे.

म्हणून १९६९ साली करसुधारणा कायदा आला आणि त्यात १८३ हे कलम घातले गेले. आजही छंद आणि धंदा यांचा फैसला याच कलमाने होतो. सवाल एकच विचारला जातो: हे काम नफ्याच्या उद्देशाने केले जाते काय?

या कलमाने एक सोपे मापही दिले. लागोपाठच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे नफा झाला असेल, तर ते काम नफ्यासाठीच आहे असे गृहीत धरायचे. घोड्यांच्या पैदाशीसाठी व शर्यतीसाठी मात्र सातांपैकी दोन वर्षे पुरतात. हे गृहीतक पक्के नव्हे. आयकर खाते, ज्याला तेथे आय.आर.एस. म्हणतात, ते पुराव्याने खोडून काढू शकते. त्याचप्रमाणे तीन वर्षे नफा झाला नाही, म्हणून काम छंदच ठरते असेही नाही. मग मात्र सिद्ध करण्याचे ओझे करदात्यावर येते.

नव्याने सुरुवात करणारा एक अर्ज देऊन 'पाच वर्षे पाहा, मग फैसला करा' असेही म्हणू शकतो. पण हा अर्ज दिला की त्या साऱ्या वर्षांचे दप्तर खात्यासाठी उघडे राहते आणि खात्याची नजर आपणहून आपल्याकडे वळते. म्हणून तेथील सल्लागार तो अर्ज सहसा देऊ देत नाहीत.

नऊ कसोट्या

माणसाच्या पोटातली नियत अधिकाऱ्याला दिसणार कशी? यासाठी १९७२ च्या नियमांत नऊ कसोट्या दिल्या आहेत. आम्ही त्या आपल्या भाषेत मांडतो.

पहिली, काम धंद्याच्या रीतीने चालते काय? वह्या आहेत काय, बँकेत वेगळे खाते आहे काय, एक पद्धत तोट्याची ठरली तर ती बदलली काय? दुसरी, माणसाला कामाचे ज्ञान आहे काय, किंवा त्याने जाणकारांचा सल्ला घेतला काय? केवळ मासा पकडता येणे पुरेसे नाही, मासेमारीतून पैसा कसा निघतो याचे ज्ञान लागते. तिसरी, किती वेळ आणि मेहनत देतो? चौथी, कामातल्या मालमत्तेची किंमत पुढे वाढेल अशी आशा आहे काय? जमिनीची वाढते, बोटीची बहुधा घटतेच. पाचवी, या माणसाने पूर्वी दुसरा एखादा धंदा यशस्वी केला आहे काय?

सहावी, या कामाचा नफ्या-तोट्याचा इतिहास काय सांगतो? सुरुवातीची तोट्याची वर्षे कोणत्याही धंद्यात येतात, पण ती संपतात की नाही ते पाहिले जाते. सातवी, कधीमधी नफा झाला तर तो किती? वीस हजार घालून शंभर डॉलर नफा दाखवला तर त्याला अर्थ नाही. आठवी, माणसाला दुसरी मोठी कमाई आहे काय? पगार जाडजूड असेल आणि तोट्याने कर वाचत असेल, तर संशय वाढतो. नववी, या कामात मौजमजा किती?

नवव्या कसोटीवर मासेमारी नेहमी अडकते. करघ्यावर बारा तास बसणाऱ्याला कोणी म्हणत नाही की हा शौक आहे. निळ्या पाण्यात बोट घेऊन जाणाऱ्याला मात्र पहिला सवाल तोच. तरीही कायदा न्याय्य आहे असे म्हणावे लागेल, कारण धंद्यात मजा येते म्हणून तो धंदा राहत नाही असे नियम म्हणत नाहीत. कोणतीही एक कसोटी निर्णायक नाही, आणि पाच विरुद्ध चार अशी मतमोजणीही होत नाही. सारे चित्र एकत्र पाहायचे.

आणखी एक बाब. नफ्याची आशा वाजवी असलीच पाहिजे अशी अट नाही. ती खरी आणि प्रामाणिक असली पाहिजे. नियमांत तेलाच्या विहिरीचे उदाहरण आहे. तेल लागण्याची शक्यता अगदी कमी, पण लागले तर मोठा लाभ. अशा कामात पैसा घालणारासुद्धा नफ्यासाठीच घालतो असे धरता येते. मार्लिनच्या मागे लागलेल्याला या उदाहरणाचा आधार वाटतो. पण आधार तेव्हाच मिळतो जेव्हा बाकीची वही सरळ असते.

न्यायालयाने काय पाहिले?

गळाच्या स्पर्धांचे खटले अमेरिकेच्या कर न्यायालयात दोन्ही बाजूंनी सुटले आहेत. २००० साली बास स्पर्धेत उतरणाऱ्या एका करदात्याचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. २००२ साली स्वतःच्या बोटीने स्पर्धांत जाणाऱ्या एका दांपत्याचे म्हणणे फेटाळले गेले. दोन वर्षांच्या अंतरात कायदा बदलला नव्हता. कसोट्या त्याच होत्या, माणसांची परिस्थिती वेगळी होती.

आपल्या कारागीर वाचकांसाठी दुसरे दोन निकाल जास्त मोलाचे आहेत. १९७७ साली एका चित्रकार महिलेचा खटला झाला. वीस वर्षांत तिला नफा झाला नव्हता. तरी न्यायालयाने तिचे काम नफ्याच्या उद्देशाचे मानले, कारण चित्रे विकण्यासाठी ती सतत धडपडत होती, प्रदर्शने भरवत होती. कलेत नाव व्हायला वेळ लागतो हे न्यायालयाने ओळखले. २०१४ सालीही चित्रकलेच्या एका प्राध्यापिकेच्या बाजूने असाच निकाल लागला. म्हणजे हुनर हा शौक आहे असे समजून कारागिराला हाकलून देता येत नाही. त्याने विकण्याची खटपट केली याचा पुरावा मात्र हवा.

गिऱ्हाइकाला बोटीवर नेले तर?

येथे व्यापाऱ्यांच्या मनात एक युक्ती येईल. मासेमारी धंदा नसेल तर न का असेना; माझा कापडाचा धंदा तर आहे? गिऱ्हाइकांना बोटीवर नेतो, सौद्याच्या गोष्टी करतो आणि बोटीचा खर्च कापडाच्या खात्यात टाकतो.

ही युक्ती अमेरिकेत फार जुनी आहे आणि सरकारने ती हळूहळू बंद केली. १९७८ च्या कायद्याने करमणुकीसाठी ठेवलेल्या बोटी, शिकारीची घरे यांच्या खर्चाची वजावट गेली. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून गिऱ्हाइकांच्या करमणुकीवरचा खर्चच अमान्य झाला. सौदा पाण्यावर झाला की दुकानात, याने आता फरक पडत नाही.

२०१८ पासून दार आणखी अरुंद

त्याच २०१७ च्या कायद्याने छंदवाल्यांना मोठा दणका दिला. त्यापूर्वी छंदाचा खर्च निदान छंदाच्या कमाईइतका तरी मागता येत होता, तोही एकूण उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त असलेला भाग आणि खर्चाचा तपशील देणाऱ्यालाच. आमच्या उदाहरणातल्या माणसाचे एकूण उत्पन्न ९८ हजार. त्याचे दोन टक्के १,९६०. म्हणजे ८ हजारांपैकी ६,०४० वजा होऊ शकत होते. २०१८ पासून हेही थांबले. ही बंदी मुळात २०२५ अखेरपर्यंत होती. परंतु ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ती कायमची केली. म्हणून काही वर्षे थांबले की जुनी सवलत परत येईल, असे जे सांगितले जात होते ते आता धरून चालू नये.

एक फट उरली आहे आणि ती कारागिरांच्या कामाची आहे. माल बनवून विकणाऱ्याला, त्याचे काम छंद ठरले तरी, विकलेल्या मालाची मूळ किंमत विक्रीतून वजा करता येते. अमेरिकेत घरी दुपट्ट्यावर भरतकाम करून विकणाऱ्या बाईने पन्नास डॉलरचे कापड आणि धागा घातला आणि दुपट्टा दीडशेला विकला, तर उत्पन्न शंभर. पण प्रदर्शनाच्या गाळ्याचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च छंदात वजा होत नाही. मासे गरवून सोडून देणाऱ्याकडे विकलेला माल नसतोच, म्हणून त्याला या फटीतून काही मिळत नाही.

आपल्याकडे काय?

हिंदुस्थानात पाचांतून तीन वर्षांचा हिशोब नाही. पण खर्च संपूर्णपणे धंद्यासाठीच झालेला असावा, खासगी नसावा, हे तत्त्व आपल्याकडेही पक्के आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात शर्यतीचे घोडे पाळण्यातला तोटा फक्त त्याच कामाच्या उत्पन्नातून वजा होत असे. लॉटरी, शर्यत, पत्ते यांच्या जिंकलेल्या रकमेतून कोणताही खर्च वजा होत नसे. आणि २००४ च्या वित्त कायद्याने धंद्याचा तोटा पगारातून वजा करण्याची वाटही बंद केली. म्हणजे अमेरिकेतल्या पगारदाराला जी लालूच आहे, ती आपल्या पगारदाराला राहिलीच नाही. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्यासाठी ठेवली गेली. त्यामुळे कलमांचे जुने आकडे पाठ असणाऱ्यांनी आपल्या सी.ए.कडून नवे आकडे समजून घ्यावेत.

लहान धंदेवाल्यांसाठी आपल्याकडे अंदाजित उत्पन्नाची योजना आहे. उलाढाल दोन कोटींच्या आत (रोख जमा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर तीन कोटींच्या आत) असेल, तर रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत झालेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. पण ही योजना घेतली म्हणून वही फेकून द्यायची, असा अर्थ आपल्या लोकांनी काढला आहे. कर्जासाठी बँकेत गेल्यावर, भागीदारी मोडताना किंवा वारसांत वाटणी करताना वहीवाचून काय हाल होतात, ते भिवंडी-मालेगावात कापडाच्या व्यवहारात आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

नियत आणि वही

आपल्या दीनमध्ये अमलाचा दारोमदार नियतीवर आहे, हे मकतबात जाणारे मूलही जाणते. जकातीतही हाच फरक आहे. राहते घर, वापराची गाडी, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे यांवर जकात नाही. पण विकण्याच्या नियतीने घेतलेला माल निसाबाला पोहोचला, वर्ष उलटले, की अडीच टक्के जकात आली. एकच थान कापड. घरच्या शिलाईसाठी घेतले तर जकात नाही, दुकानासाठी घेतले तर आहे. छंद आणि धंदा यांतला भेद आपल्या फिकहच्या किताबांनी अमेरिकेच्या कितीतरी शतके आधी मांडला आहे.

फरक एवढाच की अल्लाह दिलातली नियत पाहतो, आयकर अधिकारी वहीतली पाहतो. सूरह बकराने उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम दिला आहे, साक्षीदारांसह. ज्या उम्मतला लिहिण्याचा हुकूम झाला, तिचेच व्यापारी आज 'जबानवर चालते' म्हणून अभिमान बाळगतात. जबान पाळणे ही खूबी आहे. न लिहिणे ही खूबी नाही.

आणखी एक बाब अमेरिकेतल्या आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावी. समुद्राची शिकार हलाल आहे. परंतु ज्या स्पर्धेत सर्वांनी फी भरायची आणि त्याच पैशांतून जिंकणाऱ्याला इनाम द्यायचे, तिच्यात जुगाराचा शुबहा उलमांनी सांगितला आहे. कराच्या आधी हा सवाल आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. कर भरल्याने नाजायज कमाई जायज होत नाही.

मग करावे काय?

जोडधंदा करणाऱ्या प्रत्येकाला, तो न्यूजर्सीत असो की नागपाड्यात, आम्ही एवढेच सुचवतो.

बँकेत वेगळे खाते उघडा. घरखर्च आणि धंदा एका थैलीत ठेवू नका. दुकानातला माल घरी नेला तर तोही वहीत लिहा. पहिल्या दिवशी एक कागद करा: काय विकणार, किती खर्च, नफा कधी येईल. वर्षाने तो कागद काढून पाहा. अंदाज चुकला असेल तर काय बदलले ते त्याखाली लिहा. पावत्या जपा, तारीख आणि कारण लिहून. बोट, गाडी, शिलाई मशीन दोन्ही कामांना वापरत असाल, तर धंद्याचे दिवस वेगळे नोंदवा. जाणकाराला विचारले असेल तर त्याची नोंद ठेवा. आणि खरोखर शौक असेल, तर त्याला शौकच म्हणा. त्यात शरम नाही. त्याची कमाई झाली तर ती दाखवा आणि खर्च आपल्या खिशातून सोसा.

या कायद्याची मार खरी कोणाला बसते? मोठ्या बोटीच्या मालकाला नव्हे. त्याच्याकडे वकील आहे, मुनीम आहे, दरवर्षीचा कागद तयार असतो. मार बसते ती खऱ्या मेहनती माणसाला, ज्याने रात्र-रात्र जागून काम केले पण एक ओळ लिहिली नाही. त्याची नियत साफ असते आणि तरी त्याची रोजी कागदावर शौक ठरते. आपल्या बिरादरीत अशी माणसे फार आहेत. त्यांच्या हातात हुनर अल्लाहने दिले आहे. कीर्द आणि खतावणी त्यांनी स्वतः हातात घ्यायची आहे, आणि ती घेण्यासाठी दोन रुपयांची वही आणि रोजची दहा मिनिटे पुरतात. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.